थिजलेली कातडी: कुठलं बाळ दगावतं, हे कुणी मोजलं?

हिवाळ्यात खोबरेलाची बाटली थिजते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. न्यू जर्सी असो की बर्मिंगहॅम, मराठी घरातल्या बाथरूममध्ये डिसेंबरात एकदा तरी ती बाटली गरम पाण्याच्या मगात उभी केलेली दिसते. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली घट्ट होऊ लागतं. त्याच घरातलं शेंगदाण्याचं तेल मात्र पातळ राहतं. फरक असतो तेलातल्या मेदाम्लांचा. संपृक्त मेद जास्त असला, की ते तेल लवकर थिजतं.

नवजात बाळाच्या कातडीखालची चरबी या बाबतीत खोबरेलाच्या बाजूला झुकलेली असते. मोठ्या माणसाच्या चरबीपेक्षा तिच्यात पामिटिक आणि स्टिअरिक ही संपृक्त आम्लं जास्त आणि ओलेइक आम्ल कमी असतं. लांगर नावाच्या संशोधकाने १८८१ मध्येच हा फरक मांडला होता. आणि क्वचित एखाद्या अत्यंत आजारी बाळात ही चरबी खरोखरच घट्ट होते. सुरुवात बहुधा मांड्या, कुल्ले, पोटऱ्या इथून होते आणि मग काही तासांत, फार तर काही दिवसांत, ती पसरत जाते. कातडी लाकडासारखी लागते, चिमटीत धरता येत नाही, बोटाने दाबलं तर खड्डा पडत नाही. सांधे हलेनासे होतात, चेहरा मुखवट्यासारखा ताठ होतो, बाळाला तोंड उघडून दूध ओढता येत नाही. तळहात, तळपाय आणि जननेंद्रियं तेवढी सुटतात, कारण तिथे अशी चरबी जवळजवळ नसतेच. या अवस्थेला वैद्यकात ‘स्क्लेरेमा निओनेटोरम’ म्हणतात. इथे आपण नुसतं स्क्लेरेमा म्हणू.

पॉडकास्टमध्ये ‘जोखमीचे घटक’ या शब्दांवर बोलताना हे उदाहरण घ्यायचं मनात होतं, पण पाच मिनिटांत उरकण्यासारखं ते नाही. कारण स्क्लेरेमाच्या तीनशे वर्षांच्या इतिहासात डॉक्टरांनी विचारलेला प्रश्नच बदलत गेला आहे. आधी प्रश्न होता, ‘ही कातडी कडक का होते?’ फार उशिरा तो झाला, ‘कडक झालेल्यांपैकी कोण वाचतं आणि कोण जातं?’ वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात प्रत्येक काळी तेवढंच आलं, जेवढं मोजण्याची त्या काळाची तयारी होती.

पहिली नोंद सापडते १७२२ सालची, जर्मनीतल्या उल्म गावची. दगडासारख्या कडक आणि गार लागणाऱ्या एका नवजात बाळाचं ते वर्णन आहे. लंडनच्या मायकेल अंडरवुडने बालरोगांवरच्या आपल्या ग्रंथात (पहिली आवृत्ती १७८४) याला ‘स्किनबाउंड’ म्हटलं, म्हणजे आपल्याच कातडीत जखडलेलं बाळ. पण हा आजार ढिगाने दिसत होता तो पॅरिसमध्ये, टाकून दिलेल्या मुलांच्या सरकारी अनाथालयात. आंद्री आणि ओव्हिती या डॉक्टरांनी तिथेच त्याचा अभ्यास केला.

या जागेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे वर्षाला हजारो अर्भकं येत, आणि त्यांतली बहुसंख्य पहिला वाढदिवस बघत नसत. सगळी पॅरिसची नसत. दूरदूरच्या प्रांतांतून भाडोत्री हमाल पाठीवरच्या अस्तर लावलेल्या खोक्यात तीन-तीन बाळं उभी करून पॅरिसला आणत. मेर्सिए या लेखकाने त्या काळच्या पॅरिसच्या वर्णनात हे खोकं नोंदवून ठेवलंय. रस्त्यात थंडी, पोटात जवळपास काही नाही, आणि वाटेत एखादं मेलं तर हमाल पुढे चालत राहणार. १७७९ मध्ये राजाज्ञेने ही वाहतूक बंद करायचा प्रयत्न झाला. अनाथालयात पोचलेल्या बाळांना दाई मिळेपर्यंत पुन्हा वाट बघावी लागे.

म्हणजे डॉक्टरांच्या समोर जे कडक झालेलं बाळ येत होतं, ते थंडी, उपास, जंतुसंसर्ग आणि आईवेगळेपण हे सगळं अंगावर घेऊन आलेलं होतं. त्यांना मात्र त्यात एक ‘आजार’ दिसला, आणि त्यांनी तो कातडीच्या आत शोधला. शेक दिला, वाफारे दिले, मेल्यावर शरीरं उघडून पाहिली. हा कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. हातात सुरी असली की माणूस शरीरच उघडणार. शार्ल-मिशेल बियार या तरुण डॉक्टरने त्याच अनाथालयातल्या शवविच्छेदनांच्या आधारावर १८२८ मध्ये नवजात बाळांच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि सुजेमुळे आलेला ताठरपणा व चरबीचा ताठरपणा यांत फरक करायला हवा असं दाखवलं. पुढे चार वर्षांत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो स्वतः गेला.

जोखीम मोजण्याच्या दिशेने पहिलं पाऊल पडलं ते रुग्णालयाबाहेर, आणि तेही कातडीचा विचार न करता. विल्यम एडवर्ड्स या शरीरशास्त्रज्ञाने १८२४ च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांवरचे साधे प्रयोग मांडले. कुत्रीची नुकती जन्मलेली पिल्लं आईजवळ असली की उबदार राहतात. बाजूला काढून ठेवली, की काही तासांत खोलीच्या तापमानाच्या जवळ येतात. नवजात जीवाला स्वतःची ऊब धरता येत नाही हे इतक्या स्वच्छपणे आधी कुणी दाखवलं नव्हतं. पाच वर्षांनी त्याचा भाऊ आंरी मिल्न-एडवर्ड्स आणि विलेर्मे यांनी फ्रान्समधले मृत्यूचे आकडे महिन्यांप्रमाणे लावले. हिवाळ्यात नवजात मृत्यू वाढत होते. त्या वेळी फ्रेंच कायद्याप्रमाणे बाळ जन्मल्यापासून तीन दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यापुढे हजर करावं लागे, आणि वर चर्चमध्ये बाप्तिस्मा. जानेवारीत तीन दिवसांचं बाळ कचेरीत न्यायचं, ते कशासाठी, तर जन्मल्याची नोंद करण्यासाठी! या दोघांनी सरळ म्हटलं, की बाळाला नेऊ नका, अधिकाऱ्याने घरी यावं. मला हा निबंध या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शहाणा वाटतो, कारण त्यात जोखमीचा घटक बाळाच्या अंगात न शोधता एका सरकारी नियमात शोधला आहे.

पुढचं पाऊल पॅरिसच्याच प्रसूतिगृहात पडलं. एतिएन तार्निए याने १८८० च्या सुमारास प्राणिसंग्रहालयातल्या कोंबड्यांची अंडी उबवायच्या पेटीवरून कल्पना घेतली आणि तिथलेच कोंबडीपालक ओदिल मार्तां यांच्याकडून बाळांसाठी पेटी करून घेतली. खाली गरम पाणी, वर बाळं. त्याचा सहकारी ओव्हार याने १८८३ मध्ये दिलेला हिशोब प्रसिद्ध आहे. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांतला मृत्युदर ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आला. दरम्यान, १८७७ मध्ये पारो या डॉक्टरने अनाथालयातल्या खंगत जाणाऱ्या बाळांवर पुस्तक लिहून कुपोषणाचा धागा पुढे आणला होता. म्हणजे एकोणिसावं शतक संपेपर्यंत थंडी, कमी वजन आणि भूक ही तीन नावं यादीत आली होती.

इथे एक घोळ सांगून टाकतो, नाहीतर पुढचे आकडे वाचताना तुम्ही फसाल. कातडी कडक होण्याच्या निदान तीन वेगळ्या गोष्टी जुन्या लेखनात एकाच नावाखाली येतात. एक, खरा स्क्लेरेमा. दुसरी, सुजेसकट येणारा ताठरपणा, ज्यात दाबल्यावर खड्डा पडतो. तिसरी, कातडीखालच्या चरबीच्या गाठी. या पूर्ण दिवसांच्या, एरवी बऱ्या असलेल्या बाळातही येतात आणि बहुतेक वेळा आपोआप विरतात. आता एखाद्याच्या यादीत तिसऱ्या प्रकारची बाळं जास्त असली, तर त्याचा मृत्युदर कमीच दिसणार, मग त्याने काहीही उपचार केलेले असोत. जुन्या काळातला ‘माझ्या औषधाने बरं झालं’ हा दावा म्हणूनच जपून घ्यावा लागतो.

आणि खोबरेलाच्या उपमेतही एक खोट आहे. नुसत्या थंडीने चरबी थिजत असती, तर गार पडलेलं प्रत्येक बाळ कडक झालं असतं. तसं होत नाही. उलट ताप असलेल्या बाळातही स्क्लेरेमा दिसतो, आणि ऊब दिली म्हणून तो बाटलीतल्या तेलासारखा लगेच वितळत नाही. संपृक्त चरबी हे फार तर मैदान झालं. त्यावर घाला घालतं ते रक्ताभिसरण कोसळवणारं दुसरंच काहीतरी. ते काय, हे पुढे येईलच.

आता ब्रिटन. तुमच्यापैकी जे तिथे राहतात त्यांना घर गरम ठेवण्याच्या खर्चावरून घरात होणारी चर्चा ओळखीची असेल. १९५० च्या दशकात तिथल्या बहुतेक घरांत मध्यवर्ती हीटिंग नव्हतं, बाळंतपणं बरीचशी घरी होत, आणि बाळ ज्या खोलीत झोपे तिची शेगडी रात्री विझत असे. ब्रायटनच्या मॅन आणि इलियट यांनी १९५७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशा थंडीने आजारी पडलेल्या बाळांचं वर्णन केलं. बॉवर आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये ७० बाळांचा अभ्यास दिला, आणि १९६३ मध्ये आर्नील आणि केर यांनी ग्लासगोच्या हिवाळ्यातली बाळं मांडली. यातल्या कित्येक बाळांची कातडी कडक झालेली होती.

ही बाळं फसवी दिसत. गाल लालबुंद, हातपाय लाल. भेटायला आलेल्या माणसाला वाटावं, काय गुटगुटीत बाळ आहे. खरं तर गार पडलेल्या रक्तातला ऑक्सिजन पेशींना सुटत नाही, म्हणून ती लाली. बाळ रडत नसे, शांत पडून असे, दूध नको म्हणे. ‘किती गुणी बाळ’ असंच घरच्यांना वाटलं तर नवल नाही. डॉक्टर आला आणि त्याने थर्मामीटर लावला, तरी कळेलच याची खात्री नव्हती, कारण नेहमीचा काचेचा थर्मामीटर ३५ अंशांच्या खाली दाखवतच नसे. बाळ ३४ ला असो की २९ ला, पारा तळाशीच. ‘थर्मामीटर नीट बसला नाही वाटतं’ म्हणून तो झटकून ठेवायचा, की झालं. खाली आकडे असलेले थर्मामीटर वापरा हा त्या काळातल्या लेखांमधला आग्रह आज वाचायला किरकोळ वाटतो. पण जोखमीचा जो घटक तुमच्या पट्टीवरच नाही, तो यादीत कसा येणार?

गार पडलेली ही बाळं शेवटी कशाने जात? शवविच्छेदनात वारंवार दिसलं ते फुप्फुसातला मोठा रक्तस्राव. शिवाय रक्तातली साखर खाली आलेली आणि जोडीला संसर्ग. कातडी मारत नव्हती. कातडी फक्त सांगत होती, की आतला खेळ फार पुढे गेलाय.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन याने एक धाडसी तुलना केली. धाडसी अशासाठी, की त्या काळी ‘अनुभवाने’ ठरवायची पद्धत होती आणि तो बाळं चिठ्ठ्या टाकावी तशी दोन गटांत विभागत होता. १९५८ मध्ये त्याने दाखवलं, की काचपेटीचं तापमान चार अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मापात दोन-सव्वादोन अंश, जास्त ठेवलं तर जगणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं प्रमाण सुमारे ६८ टक्क्यांवरून ८३-८४ टक्क्यांवर जातं. १९६० च्या दशकात डॉकिन्स आणि हल यांनी तपकिरी चरबीचं काम उलगडलं. बाळाच्या मानेभोवती, खांद्यांच्या पाठीमागे, काखेजवळ साठवलेला हा इंधनाचा साठा. बाळ थरथरत नाही, ही चरबी जाळून ऊब करतं. साठा संपला की संपलं.

चिनी डॉक्टरांनी या ज्ञानाचा केलेला उपयोग मला फार आवडतो. उत्तर चीनच्या हिवाळ्यात कातडी कडक झालेली बाळं इतकी येत, की तिथल्या पाठ्यपुस्तकांत मोजणीची पक्की रीत बसली. शरीराचे सहा भाग पाडायचे: डोकं-मान २०, दोन्ही हात १८, छाती-पोट १४, पाठ-कंबर १४, कुल्ले ८, दोन्ही पाय २६. बेरीज शंभर. अर्ध्याच्या वर शरीर कडक झालं, तर आजार तीव्र. त्याबरोबर दोन ठिकाणचं तापमान घ्यायचं, काखेतलं आणि गुदद्वारातलं. काख आतल्यापेक्षा गरम किंवा बरोबरीची असली, तर तपकिरी चरबी अजून जळते आहे, बाळ लढतंय. काख आतल्याहून गार झाली, तर इंधन संपत आलंय. एका थर्मामीटरने दोन वेळा घेतलेलं माप. खर्च शून्य.

बाळ पुन्हा गरम करायचं ते हळूहळू की लवकर, हा वाद मात्र बराच काळ चालला. ब्रिटिश डॉक्टर हळूहळूच्या बाजूचे होते. घाई केली तर हृदय झेपणार नाही, ही भीती. १९८४ मध्ये जेरुसलेमच्या कापलान आणि आयडेलमन यांनी लवकर गरम केलेल्या बाळांचे निकाल जास्त चांगले असल्याचं मांडलं. गरम देशात हा आजार कसा, असं वाटेल, पण नेगेवच्या वाळवंटातली हिवाळी रात्र कडक असते. बेरशेबा, दिमोना ही नावं ज्यांच्या घरात रोजची आहेत त्या बेने इस्रायल वाचकांना हे सांगायची गरज नाही.

पण माझ्या मते या कहाणीचं सगळ्यात महत्त्वाचं पान ढाक्यात आहे. श्रीमंत देशांत घरं गरम झाली, नवजात बाळांचे अतिदक्षता विभाग आले, आणि स्क्लेरेमा तिथून जवळपास दिसेनासा झाला. तिथल्या तरुण डॉक्टरांना तो पुस्तकातल्या चित्रापुरता माहीत. ढाक्यात तो होता, उकाड्यातही होता. म्हणजे केवळ थंडीचा हिशोब इथे पुरणार नव्हता.

ढाका शिशु रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर तेल लावण्याचा एक मोठा प्रयोग चालू होता. त्याबद्दल पुढे सांगतो. त्यातल्या सुमारे पाचशे बाळांपैकी साधारण दहातल्या एकाला स्क्लेरेमा झाला, आणि ज्यांना झाला त्यांतली जवळजवळ सगळी दगावली. २००९ मध्ये झेब आणि सहकाऱ्यांनी शोधलं, की कुठल्या बाळाला तो होतो. त्यांना जे घटक सापडले त्यात दाखल होताना असलेली कावीळ होती, दूध नीट न ओढणं होतं, आणि आईचं कमी शिक्षण होतं. महाखालीच्या आयसीडीडीआरबी रुग्णालयात, ज्याला सगळं शहर ‘कॉलरा हॉस्पिटल’ म्हणतं, जुलाबाने सुकलेल्या, कुपोषित, थोड्या मोठ्या अर्भकांतही हा ताठरपणा दिसत होता. तिथल्या डॉक्टरांनी याच सुमारास नेमका दुसरा प्रश्न विचारला: यांच्यातलं कोण वाचतं?

‘आईचं कमी शिक्षण’ या घटकाशी जरा थांबा. आई किती शिकली याचा बाळाच्या चरबीतल्या पामिटिक आम्लाशी काहीही संबंध नाही. मग तो यादीत कसा आला? शिक्षण इथे दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभं आहे. घरातला पैसा, गरोदरपणातलं खाणं, बाळंतपण कुठे झालं, दवाखान्यात यायला किती दिवस लागले, डॉक्टरने सांगितलेलं समजलं का आणि न समजल्यास परत विचारायचं धाडस झालं का. संख्याशास्त्राच्या भाषेत तो ‘घटक’ आहे, ‘कारण’ नाही. म्हणून अशी ओळ वाचून ‘अडाणी आयांमुळे मुलं मरतात’ असा निष्कर्ष काढणारा माणूस तुम्हाला भेटला (कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास भेटतो), तर त्याला विलेर्मेची गोष्ट सांगा. जानेवारीत बाळ कचेरीत नेणारी आईही आकड्यांत जोखमीचा घटक म्हणूनच दिसली असती.

दूध न ओढणं याचंही तसंच. त्यामुळे साखर उतरून स्क्लेरेमा झाला, की आत शिरलेल्या जंतूंमुळे आधी दूध सुटलं आणि मग कातडी कडक झाली? बहुतेक वेळा दुसरं खरं असावं असं मला वाटतं. इथे घटक आणि आजाराचं पहिलं लक्षण यांच्यातली रेघ पुसट आहे. पण आईच्या, नर्सच्या दृष्टीने ती रेघ कुठे आहे याला महत्त्व नाही. काल पीत होतं, आज पीत नाही. एवढ्यावर धावलं पाहिजे, कातडी कडक व्हायची वाट न बघता.

उकाड्यात कातडी कशाने कडक होत होती, याचं उत्तर बहुतांशी जंतू हेच आहे. रक्तात शिरलेले जिवाणू, क्लेब्सिएलासारखे, आणि तेही अनेकदा रुग्णालयातच लागलेले. रक्तदाब कोसळतो, कातडीचा रक्तपुरवठा आधी तुटतो, बाळ गार पडतं, साखर उतरते, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते. मघाशी ‘दुसरंच काहीतरी’ म्हटलं ते हे. भारतात १९९० च्या दशकात अशा बाळांचं रक्त बदलून पाहिलं गेलं. पण ते खर्चाचं, कौशल्याचं आणि स्वतःच जोखमीचं काम, जिल्ह्याच्या ठिकाणी रोज करण्यासारखं नव्हे.

म्हणूनच तेलाचा प्रयोग. बांगलादेशात बाळाला मोहरीचं तेल चोळायची रीत आहे, जशी आपल्याकडे खोबरेलाची किंवा तिळाच्या तेलाची. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी इतकी पातळ असते, की तिच्यातून पाणी आणि ऊब बाहेर जाते आणि जंतू आत येतात. डार्मस्टाट आणि ढाक्यातल्या सहकाऱ्यांनी विचारलं, की तेलाने ही भिंत बळकट होईल का, आणि कुठल्या तेलाने? मोहरीचं तेल उंदरांच्या कातडीवर उलट त्रासदायक ठरलं होतं. त्यांनी सूर्यफुलाचं घेतलं. २००५ चा निकाल असा, की तेल लावलेल्या बाळांत रुग्णालयात होणारा संसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला. २००८ मध्ये मृत्यूही २६ टक्क्यांनी कमी झाल्याचं प्रसिद्ध झालं. हे तेल स्क्लेरेमावरचा उपाय नव्हे. ते स्क्लेरेमाच्या चार पावलं आधीच्या जागी काम करतं. आजीच्या तेलपाण्याचा विजय म्हणून ही बातमी पुढे ढकलू नका. आजीचं तेल कुठलं होतं, बाळ किती महिन्यांचं होतं, आणि चोळणारे हात धुतलेले होते का, यावर सगळं अवलंबून आहे.

चार पावलं आधी जायचं, तर रुग्णालयाच्याही आधी जावं लागतं. हे काम मराठी मुलखात, गडचिरोलीत झालं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन आणि तापमान घ्यायचं, त्याला उबदार पिशवीत ठेवायचं, दूध सुटलंय का ते बघायचं, आणि जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणं दिसली तर घरीच जेन्टामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. कमी शिकलेल्या बाईने इंजेक्शन द्यायचं म्हणजे काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी केला. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली निकाल आला. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये घरभेटींच्या याच वाटेने गेलेल्या प्रयोगात २००८ मध्ये ३४ टक्के घट दिसली, आणि २०११ पासून भारतात आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटी सुरू झाल्या. या यादीत स्क्लेरेमा हे नाव कुठेच नाही. गडचिरोलीच्या झोपडीत थर्मामीटर लावणाऱ्या बाईला ते माहीत असण्याची गरजही नव्हती. ढाक्यातल्या यादीत ‘आईचं कमी शिक्षण’ हा घटक होता. इथे त्याच शिक्षणाच्या बायका मृत्यू कमी करत होत्या.

आता एक घटक उरला, जो पॅरिसमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि कुठल्याच तक्त्यात नव्हता. एडवर्ड्सच्या पिल्लांचं ध्यानात ठेवलंत ना? आईजवळ उबदार, दूर ठेवली की गार. त्यानंतर दीडशे वर्षं पेट्या सुधारत गेल्या आणि आई काचेबाहेर उभी राहिली. १९७८-७९ च्या सुमारास बोगोटामध्ये, पेट्या कमी पडल्या म्हणून, एडगार रे सानाब्रिया आणि एक्तोर मार्तीनेस यांनी बाळं आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. बराच काळ हा गरिबांचा पर्याय मानला गेला, आणि त्यातही बाळ स्थिर झाल्यावरच द्यायचा. २०२१ मध्ये घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांतला निकाल आला. १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईच्या अंगावर दिलं, तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतात. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास वेळेआधीच थांबवला गेला. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. तिथे त्यासाठी बाळांच्या अतिदक्षता विभागात आयांच्या खाटा आणून टाकाव्या लागल्या.